साबिनाला भेटलेली मावशी

भूतखेत मी मानत नाय. बायको गेली तेव्हा लोक म्हणले, दिवा ठेवा, ती येईल. मी म्हणलं, गेलेलं माणूस येत असतं तर रडलं कोण असतं? पण आता सांगतो ते माझ्याच बाबतीत घडलं...

मी पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसवर वॉचमन. तिथं द्राक्षं निवडणाऱ्या साबिनाला पोलिसांनी बांगलादेशी म्हणून उचललं. ती म्हणायची, मी मालदाची, आपल्या बंगालातली. खरंखोटं मला ठाऊक नाय. नाशिकला एका मंगल कार्यालयात बाया कोंडल्या होत्या — सगळ्यांना एक संडास, मोबाईल काढून घेतलेले, पाच दिवस कोर्ट नाय की वकील नाय. तिचं इथं कोण नव्हतं, म्हणून मी डबा न्यायचो.

"आजोबा, आज काय, बिर्याणी?" दारावरची पोलीसबाई हसायची.

"पिठलं हाय. खातीस का?"

पाचव्या दिवशी साबिना खिडकीच्या जाळीपाशी आली. "काका, आज कागज पे अंगूठा माँग रहे थे. मैं वापस जाने को राजी, ऐसा कुछ लिखा है. मैंने नहीं दिया."

"कोणी शिकवलं?"

"मौसी ने. दोपहर को मेरे पास बैठी. बोली, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाय. वकील माग, तुझा हक्क हाय."

मी पोलीसबाईला विचारलं. ती म्हणाली, "आत कोणालाच सोडलं नाही, आजोबा. तुमचा डबासुद्धा उघडून बघते मी."

मी परत साबिनाकडं वळलो. "कशी होती गं मावशी?"

"बुटकी. पाँव घसीटती थी. अंगूठे पे नीली स्याही..."

माझी बायको पाय ओढायची, पण ते जाऊ द्या, लय बाया ओढतात. शाईचं काय? ती मेल्यावर, माणसं जमायच्या आधी, मी आणि मेव्हण्यानं शेताच्या कागदावर तिचा अंगठा उठवला होता. जिवंतपणी तिनं दिला नव्हता — आधी वाचून दाखवा, म्हणायची. शाई पुसायची राहिली... तशीच जाळली तिला. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नाय, आणि मेव्हणाबी आता नाय. साबिना पिंपळगावात आली ती तो गेल्यावर.

साबिना अडून बसली. मग फुकटातली वकीलबाई मिळाली, कोर्टात उभं केलं. जज म्हणले, कागद तपासल्याशिवाय हिला कुठं पाठवायचं नाय. अजून कोंडलेलीच हाय, पण हाय इथंच.

दर खेपेला विचारते, "काका, मौसी फिर नहीं आयी. कहाँ रहती है?"

मी डबा देतो आणि निघतो. हे कसं झालं, मला अजून कळलेलं नाय. कोणाला विचारलंबी नाय. विचारायचं तर अंगठ्याचं सांगावं लागतं.