नव्या मालकाचा अँप्लीफायर

सत्तरच्या दशकात सांगलीत गिटार वाजवणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतो. गिटारच्या अँप्लीफायरबद्दल मत नसलेला माणूस मात्र अख्ख्या गावात शोधून सापडला नसता. पुण्याच्या एका कारखान्याचे अँप्लीफायर तेव्हा फार नावाजलेले. जड लाकडी पेटी, पुढे तपकिरी जाळी आणि वर मालकाच्या आडनावाची पितळी पट्टी. त्या मालकानं कारखाना विकला आणि पंखे बनवणाऱ्या एका शेटजींनी तो घेतला, ही बातमी आली आणि आम्हा वाजवणाऱ्यांना सुतक लागलं. तो कारखाना कुणीच पाहिलेला नव्हता. दुःख करायला ते गरजेचंही नव्हतं.

भडंगाच्या गाडीवर तज्ज्ञांची बैठक बसली. बुलबुलतरंग वाजवणाऱ्याच्या मते जुना मालक प्रत्येक पेटी स्वतःच्या कानानं ऐकून मगच विकायचा. अकॉर्डियनवाल्याला पक्की खबर होती, की नवा शेट लाकूडच हलकं वापरतो. शेवटी आमच्या ढोलकीवाल्यानं निकाल दिला. "आवाज पांढरा झालाय रं. हळदच न्हाई त्यात." सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत याच्यावर अपील नसतं.

आणि मी त्याच आठवड्यात नव्या मालकाचा अँप्लीफायर घेऊन मोकळा झालो होतो.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मास्तर फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. क्लॅरिनेट गोड वाजवत आणि माणसांकडून कवायत करून घेत. पितळी पट्टीच्या जागी निळा पत्रा दिसताच, मी तार छेडण्याआधीच त्यांचं तोंड वाकडं झालं. दसऱ्याला फलटणजवळच्या एका साखर कारखान्यावर आमचा कार्यक्रम होता. तिथंही आवाज असाच आला तर पुढच्या हंगामात गिटारच्या जागी दुसरं अकॉर्डियन घेऊ, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. ते वाजवायला अकॉर्डियनवाल्याचा धाकटा भाऊ तयारच होता. हलक्या लाकडाचा एवढा अभ्यास कशासाठी झाला होता, ते मला तेव्हा उमगलं.

आता आवाज थोडा टोचायचा, हे खरं. पण जुन्या मालकाचा अँप्लीफायरही तसाच टोचायचा. त्याला आम्ही धार म्हणत असू.

खंडेनवमीला मास्तरांच्या घरी सगळ्या वाद्यांची पूजा असे. ढोलकी, क्लॅरिनेट, गिटार, सगळी पाटावर मांडलेली. माझा अँप्लीफायर पाटावर मावेना, म्हणून मास्तरीणबाईंनी तो भिंतीशी ठेवला आणि आकाराच्या मानानं त्याला झेंडूचे मनगटाएवढे जाड हार घातले. एकावर एक, वरपासून खालपर्यंत. त्या घराचा दंडक असा, की पूजेचे हार एकादशीला कृष्णेत सोडायचे, तोवर त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे दसऱ्याला आमची वाद्यं सजूनधजूनच फलटणला गेली. माझी पेटी तर नवरदेवासारखी मुंडावळ्यांत तोंड लपवून स्टेजवर बसली.

मी जीव मुठीत धरून पहिला सूर लावला. तो आला भरदार, मऊ, तुपातून निथळल्यासारखा. मास्तरांनी वाजवता वाजवता मागं वळून पाहिलं. अकॉर्डियनवाला दोन ठिकाणी चुकला.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. नव्या शेटच्या कानावर आपली नाराजी गेलेली दिसते, असं त्यांचं म्हणणं पडलं. बुलबुलवाल्यानं तर जाहीर केलं, की जुन्या मालकालाच पगारावर परत बोलावलंय. पुढच्या हंगामात गिटार राहणार, हे तिथंच ठरलं.

सामान आवरताना मी हार जरा बाजूला सारून, आवाज जिथून बाहेर पडतो त्या जाळीकडं बघत होतो, तोच ढोलकीवाल्यानं माझा हात धरला. त्याच्याही ध्यानात आलं होतं.

"ऱ्हाऊ दे गड्या," तो हळूच म्हणाला. "आत्ताच चारचौघांत बोललोय मी, हळद परत आली म्हणून."

एकादशीला हार कृष्णेत गेले. पुढचा कार्यक्रम वाईला होता. ढोलकीवाला एसटी स्टँडवर आला तो झेंडूची भली मोठी पाटी डोक्यावर घेऊन. घाटावरच्या देवांपुढं वाद्यं उघडीबोडकी नेलेली बरी दिसत न्हाईत, असं तो मास्तरांना पटवू लागला.

मास्तरांनी पाटीकडं पाहिलं, मग माझ्या पेटीकडं.

"घाल," ते म्हणाले, "पण जाळीवर जरा दाट घाल."