काकूंच्या पाच गोधड्या

डोंबिवलीला आमच्या शेजारच्या काकूंनी एका वेळी पाच गोधड्या शिवायला काढलेल्या असत, आणि घरची माणसं चादरीत कुडकुडत. दर आठवड्याला नवी तऱ्हा. "धावदोरा काय, कोणीही घालतं गं!" असं म्हणत त्या कालचे टाके आज उसवत.

आई गेली तेव्हा तिची दोन मऊ लुगडी मी त्यांना गोधडीसाठी दिली. तिसऱ्या हिवाळ्यात न राहवून विचारलं.

"अगं, सगळे त्रिकोण कापून तयार आहेत. आता षटकोन करावेत म्हणते!" असं म्हणत त्यांनी स्टोव्हवरून चहाचं पातेलं फडक्याने उतरवलं. फडक्याला आईच्या लुगड्याचा काठ होता.

माझी नजर बघून त्या म्हणाल्या, "हा त्रिकोण चुकला गं. पण वाया नाही हो जाऊ दिला!"