भावाच्या हातची शेपटी

माझ्या भावाने एका डायनासोरची शेपटी चुकीची केली, आणि ती चूक कळली तेव्हा त्याला कबरीत ठेवून वर्ष होत आलं होतं. घडलं ते एवढंच. पण तेवढ्यावरून आमच्या केडगावच्या घरात आम्हा मायलेकींचा जीव टांगणीला लागला, आणि तो अजून पुरता खाली आलेला नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही कवळ्या करून देतो. धाकटा भाऊ सुप्याला एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशिनवर होता. दिवसभर प्लॅस्टिक ओतून माणसाला त्याचा वीट यावा की नाही? याला नाही आला. बाजारात मिळतात ते प्लॅस्टिकचे डायनासोर आणायचे आणि ते ‘बरोबर’ करायचे, हा त्याचा छंद. मित्र शिर्डीला निघाले की हा त्यांच्याबरोबर जायचा. ते दर्शनाच्या रांगेत, हा बाहेर खेळण्यांच्या दुकानात. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा, याच्या हातात पिशवीभर जनावरं.

घरी आला की चहाच्या आधी चुका काढायला बसायचा. “ताई, हे तळवे बघ. जमिनीकडे केलेत. हे टाळी वाजवणारे हात आहेत, भाकरी थापणारे नाहीत.” मी म्हणायची, अरे, बनवणाऱ्याने तरी कुठे पाहिलाय तो प्राणी. “मग न पाहता करू नये,” म्हणायचा. बोलायची सोय नव्हती.

मग आईचं दुधाचं पातेलं गॅसवर चढायचं. उकळत्या पाण्यात डायनासोरचा हात मऊ करायचा, मनगट हवं तसं वळवायचं आणि लगेच गार पाण्यात बुडवायचं, की ते तसंच राहतं. आई कटकट करायची, “आता त्यात चहा करू का तुझ्या पालीचा?” जे वळायचं नाही ते तो कापायचा आणि नव्याने घडवायचा. त्यासाठी मी मालकांना विचारून लॅबमधलं उरलंसुरलं मेण आणि कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक आणून द्यायची. ते घट्ट बसतं, कानशीने घासता येतं, वर रंग चांगला धरतं. आमच्या घरातले निम्मे डायनासोर रंगाखाली गुलाबी होते.

त्याचा एकच कायदा होता. चूक कळली की कापायची, मग ती स्वतःची का असेना. पाठीवर उभा पडदा असलेला एक मोठा डायनासोर असतो, स्पायनोसॉरस. मगरीसारखं लांब तोंड, मासे खाणारा. त्याच्यावर हा किती दिवस खपत होता. दुकानातून आणला तेव्हा तो माणसासारखा ताठ उभा होता. याने त्याला आडवा केला, नाकपुड्या मागे सरकवल्या, दात एकेक करून बसवले. दात मी घासून दिले, ते माझं काम. एवढं झाल्यावर त्याचे मागचे पाय आखूड होते असं कुठेतरी वाचलं आणि घेतली करवत.

“आरं, बरा हुता की,” आई म्हणाली.

“कोण बघणार आहे?” मी म्हणाले. मी मुळात तिरसट.

“हा बघतोय ना,” असं म्हणून त्याने त्या जनावराकडे बोट केलं. त्याने रंगवलेले पिवळे डोळे खरंच माझ्याकडे होते. मी उठून भाजी चिरायला गेले.

या स्पायनोसॉरसची शेपटी त्याने सगळ्यात शेवटी केली. लांब, गोल, टोकाला निमुळती होत गेलेली, जमिनीपासून उचललेली. तेव्हाच्या सगळ्या चित्रांत तशीच होती. रंग वाळला आणि पुढच्याच आठवड्यात सुप्याहून घरी येताना कामरगावच्या उतारावर टेम्पोने त्याच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. याहून जास्त मला त्याबद्दल लिहायचं नाही.

घर खायला उठतं म्हणतात, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. आईने बाकीचे सगळे डायनासोर चर्चमधल्या संडे स्कूलच्या मुलांना वाटून टाकले. हा एक ठेवला. शोकेसवर भावाच्या फोटोशेजारी त्याची जागा झाली. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो की आई खुर्ची शोकेसला लावायची, डोळे मिटायची आणि उजवा हात शेपटीवर ठेवायची. आमेन होईपर्यंत तिची बोटं बुडापासून टोकापर्यंत जायची आणि परत यायची. फोटोला तिने कधी हात लावला नाही. फोटो स्टुडिओवाल्याने केला होता, शेपटी पोराने केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात लॉकडाऊन लागलं. लॅब बंद, आम्ही दोघी घरात. मोबाईल चाळता चाळता मला ती बातमी दिसली. मोरोक्कोच्या वाळवंटात त्या स्पायनोसॉरसच्या शेपटीची हाडं मिळाली होती. शेपटी गोल नव्हतीच. उलथनं आडवं न धरता उभं धरावं तशी ती उंच आणि चपटी होती, पाणी कापायला. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेसुद्धा, त्याला सांगायला. उठून दोन पावलं चालले. मग शोकेससमोर थांबले आणि तिथेच खाली बसून रडले.

आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हात लावायचा न्हाई.”

“पण आई, तो असता तर त्याने…”

“त्यो न्हाई. त्याच्या हातचं एवढंच हाय.”

तिला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. मी गप्प बसले.

गप्प बसला नाही तो माझा भाऊ. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, आमच्या चर्चमध्ये ते चालतही नाही. पण त्या दिवसापासून तो घरात बोलायला लागला, आणि लॉकडाऊन उठून लॅब सुरू झाली तरी बोलतच राहिला. मी हाताला लागलेलं लॅबमधलं प्लॅस्टर धूत असायची आणि मागून आवाज यायचा, “ताई, शेपटी.” तेवढेच दोन शब्द. त्याच्याच आवाजात, त्याच्याच त्या चिडलेल्या सुरात. कपडे वाळत घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, रिक्षातून उतरून फाटक उघडताना. “ताई, शेपटी.” सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत. मी एकदा चिडून मोठ्याने म्हणालेही, अरे मेल्या, आईला विचार ना. आणि म्हटल्यावर जीभ चावली. मेल्या हा शब्द मी त्याला लहानपणापासून म्हणत आले होते, पण आता तो खरा झाला होता.

कबूल करते, मला भीती वाटायची. शोकेसकडे पाठ करून जेवता येईना. ते पिवळे डोळे चुकीची शेपटी घेऊन माझ्याकडे बघत राहायचे. पण त्या भीतीत एक आसराही होता. दिवसभर लोकांचे जबडे हातात घेऊन बसायचं आणि घरी मुकी आई, मुक्या भिंती. त्यात हा एकटाच मला ताई म्हणणारा उरला होता. वर्षं गेली, त्याचं टुमणं काही थांबलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी प्रार्थना संपली तरी आईने शेपटीवरचा हात काढला नाही. डोळे मिटलेलेच. मला वाटलं, डुलकी लागली.

“तुला बी म्हनतो का गं त्यो?” तिने विचारलं.

“काय?”

“शेपटीचं.”

मी तिच्यासमोर खाली बसले. मी विचारलं, केव्हापासून. आई म्हणाली, “लई दिस झाले. मला म्हनतो, आई, ताईला सांग. मी मुद्दाम सांगितलं न्हाई. म्हनलं, सांगितलं की तू कापशील.” मग पदराने चष्मा पुसला. म्हणाली, “काप. किती दिस जागा ठेवायचा पोराला. झोपू दे त्याला.”

रविवारी चर्चहून आल्यावर दुपारी बसलो. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, लॅबमधली बारीक करवत आणली होती. आईने जनावर दोन्ही हातांनी धरलं, आजारी माणसाला डॉक्टरसमोर धरतात तसं. मी बुडापाशी करवत लावली. माझा हात हजारो कवळ्यांवर चाललाय, कधी रेघ आखावी लागली नाही. त्या दिवशी करवत उचलून आधी पेन्सिलने रेघ आखली. शेपटी सुटून आली आणि कापलेली जागा दिसली. आतून ओली वाटावी इतकी गुलाबी, हिरडीच्या रंगाची. मला माहीत होतं ते काय आहे, मीच तर आणून दिलं होतं. तरी करवत बाजूला ठेवली. आई हळूच म्हणाली, “जिवंत दिसतं गं.” मी वर्तमानपत्राचं टोक उचलून त्यावर टाकलं.

नवी शेपटी मी केली. आत तारेचे उभे काटे लावले, त्यावर मेण चढवलं, मेणावरून साचा घेऊन अ‍ॅक्रिलिक ओतलं, घासलं, रंगवलं. खोटं कशाला बोलू, झकास झाली. त्याने बघितली असती तर एखादी चूक काढली असती, पण एखादीच.

जुनी शेपटी आईने रुमालात बांधली. म्हणाली, त्याच्यापाशी ठेवून येऊ. मी म्हटलं, आई, ते प्लॅस्टिक आहे, मातीत कुजायचं नाही. “कुजत न्हाई? मग बरंच हाय,” ती म्हणाली. कबरीच्या पायथ्याशी खुरप्याने उकरून आम्ही ती पुरली, वर मेणबत्ती लावली आणि रिक्षाने घरी आलो.

त्या संध्याकाळी मी भांडी घासायला उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी कान देऊन उभी आहे. मागून काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. फाटक उघडताना मी मुद्दाम हळू उघडायची, कडीशी उगाच घुटमळायची. काही नाही. त्याला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आणि आम्ही शहाण्या बायकांनी ते ऐकलं होतं. एवढा शहाणपणा कोणी सांगितला होता?

आई आता प्रार्थनेला नव्या शेपटीवर हात ठेवत नाही. एकदा ठेवला आणि लगेच काढला. म्हणाली, “तुझा हात लागतो मला.” आता ती हात मांडीवर ठेवते आणि आमेन झाल्यावरही तशीच बसून राहते, कान दारापाशी. मी विचारलं, आवाज आला का. तिने मानेनेच नाही म्हटलं.

मग मी काय करते, तर दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मोबाईलवर बातम्या शोधते. कुठल्या वाळवंटात काय खणलं, कुठे एखादं हाड निघालं का. त्याने केलेलं डोकं आहे, हात आहेत, पाठीवरचा पडदा आहे. यातलं काहीतरी चुकलेलं असलं पाहिजे. सगळंच कसं बरोबर असेल? मी त्याची बहीण, आणि रोज जेवताना देवाकडे मागते की माझ्या भावाची एखादी चूक निघू दे.

घरी गेल्यावर मी चपला काढते तोवर आई आतून विचारते, “काय निघालं का गं?”

“अजून नाही,” मी म्हणते.

“बघ बाई,” ती म्हणते, आणि चहा टाकते.