अर्धं अक्षर

मी शिकवतो त्या कुंडलच्या शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवायला एक पेंटर यायचा. पन्नाशीचा, सैन्यातून निवृत्त झालेला. रोज संध्याकाळी तो एखादं अक्षर अर्धंच सोडून रंगाचे डबे बंद करायचा. मला ते बघवायचं नाही. माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण दोन वर्षं अर्धं पडलं होतं, आणि महिन्याभरात ते दिलं नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

एकदा मी विचारलंच, "एवढं अक्षर पुरं करून का जात नाही?"

"पुरं केलं की सकाळी यायचा कट्टाळा येतोय, सर. अर्धं ऱ्हायलं की डोस्क्यात टोचत ऱ्हातंय. मग पाय हिकडंच वळत्यात."

"माझंही लिखाण अर्धंच आहे. मला का टोचत नाही?"

ब्रश पुसता पुसता तो म्हणाला, "मग तुमाला ते लिवायचंच नसंल."

मी चिडलो. घरी जाऊन फाईल उघडली आणि त्याच रागात पंधरा दिवसांत प्रकरण संपवलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला मात्र आनंद झाला नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटलं. त्या माणसाचं म्हणणं मी खोटं पाडलं की खरं ठरवलं, हे मला अजून कळलेलं नाही.