भोवऱ्याच्या काठचा उजेड

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून तर माझं काहीच लपत नाही. तुला सांगतो. आधी थोडं घोळवेन, तेवढं सहन कर.

शहाद्याला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो मी. कृष्णविवरांवर बोलायला लागलो, की शेजारच्या वर्गातली पोरंही दाराशी येऊन उभी राहतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

आणि विषय तरी कसला रे! आकाशगंगेच्या पोटात बसलेलं, लाखो सूर्यांच्या वजनाचं विवर. त्यातून प्रकाशही सुटत नाही. तरी त्याच्या अगदी जवळून एक्स-रे येतात — दवाखान्यात हाड दाखवतात ना, तेच. विवराभोवती तापलेला वायू गरगरत असतो. विवर स्वतःच जोरात फिरत असलं, तर ते भोवतालची जागासुद्धा ओढून फिरवतं, म्हणून वायूला आत न पडता आणखी काठाशी घिरट्या घालता येतात. किती काठाशी, ते त्या एक्स-रेवर उमटतं. ते वाचून आपण इथे बसून विवराच्या फिरण्याचा वेग सांगायचा! जे दिसत नाही त्याचा वेग! इतकी वर्षं शिकवतोय, अजून अंगावर काटा येतो.

हे मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं? पुस्तकानं? छे. मालतीनं.

प्रकाशा हे आमचं तापीकाठचं गाव; तिथल्या शाळेत आम्ही एका वर्गात. तापीला पूर आला, की संगमाशी भोवरे पडायचे आणि ही बया काठावर बसून बघत राहायची — वाहून आलेला कडबा कसा फिरतो, कुठवर टिकतो, कुठे गडप होतो. नववीत विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही कृष्णविवराचा तक्ता केला. कल्पना तिची. सगळीच तिची. माझं अक्षर चांगलं होतं, एवढंच.

आम्हा सगळ्यांची तेव्हा एक खोड होती — पाठ केलेलं बोलायचं मराठीत, आणि मनातलं आलं की अहिराणीत. परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, विवर काळं, मग उजेड कुठून? मालती सुटलीच. "उजेड खड्डाना नई शे, सर! पडाना आगोदर जे गरगर फिरस, घसायस, तपस — त्याना शे!"

काय बोलली रे! पण परीक्षकांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणतेय ही?"

प्रदर्शनातून आमच्या दोघांतल्या एकाचीच पुण्याच्या विज्ञान शिबिरासाठी निवड होणार होती. ते मला माहीत होतं — तेव्हा, त्या क्षणी, अगदी पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "काही नाही सर. ती फक्त रंगवायला होती." आणि मग तिचंच वाक्य, तिच्यासमोर, शुद्ध मराठीत, माझं म्हणून सांगितलं — उजेड खड्ड्याचा नाही, पडण्याआधी जे गरगर फिरतं, घासतं, तापतं, त्याचा आहे.

मराठी तिला बोलताना अडायची, समजताना नाही. तिला शब्द न् शब्द कळला. ती तक्त्याची निसटलेली टाचणी दाबत राहिली. सरांनी माझी पाठ थोपटली.

पुण्याला मी गेलो. मोठी दुर्बीण पाहिली, शिकलो, मास्तर झालो. मालतीचं दहावीनंतर लग्न झालं. नंतर यात्रेत ती दिसली, की मी गर्दीत शिरायचो. भित्रा कुठला! माफी मागायला तोंड उघडलं असतं, तर माझं काय झडणार होतं?

यंदा तिची लेक माझ्या वर्गात आहे. हे ठाऊक असून मी तेच वाक्य म्हटलं, त्याच थाटात. दुसऱ्या दिवशी ती पोरगी हसत माझ्याकडे आली.

"सर, मी घर आईले सांगं. आई बोलनी, तुन्हा सर एकदम बराबर सांगतस."

एवढंच? मी विचारलं. हो, एवढंच, ती म्हणाली.

वाक्य कुणाचं, ते तिला तिच्या आईनंही सांगितलं नव्हतं. मी खडू उचलला आणि पुढचं गणित घातलं.