सीमेबाहेरचा कागद

तुम्ही राज्याचा नकाशा काढता, तेव्हा सीमेबाहेर उरलेल्या कागदाचं काय करता? मी तो काळा केला होता. स्वतःच्या हातानं, शाईनं, आणि मोठ्या अभिमानानं.

हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे होणार, हे तेव्हा ठरत आलं होतं. वडील काचीगुड्याच्या मराठी शाळेत मास्तर. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. मराठी राज्य झालंच पाहिजे, यावर मी कुणाशीही भांडायला उभी राहत असे. पत्रकांसाठी चित्रं काढता यावीत म्हणून चिक्कडपल्लीतल्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं.

पण तिथं चित्रं कुठली! सगळे धडे क्रमानं. महिनाभर नुसत्या रेघा. मग खोका, मग घडा, मग खुर्ची. उस्तादांची सही झाल्याशिवाय पुढचा धडा नाही. खुर्चीपाशी मी पाच आठवडे अडकले. बाहेर मोर्चे निघत होते आणि मी कोंदट खोलीत एका खुर्चीचे पाय खोडत बसले होते.

"कुर्सी नक्को उतारो, बेटा," उस्ताद एकदा म्हणाले. "पावां के बीच में खाली जगा है ना, वो उतारो. कुर्सी खुद आ जाती."

"खाली जगा क्या उतारना, उस्ताद? उसमें कुछ हैच नै."

"हौ? फिर तुम्हारी कुर्सी लंगडी कायकू?"

मी चिडून नुसत्या पोकळ्या काढल्या. खुर्ची सरळ उभी राहिली. सही मिळाली.

त्याच आठवड्यात, ही पत्रकं काढणाऱ्या समितीच्या चिटणीसांनी नव्या पत्रकासाठी मराठी राज्याचा नकाशा मागितला. मी नवी विद्या वापरली. आधी बाहेरचं सगळं काळं केलं. मधे पांढरंशुभ्र राज्य उमटलं. चिटणीस खूश होऊन मूळ नकाशा घेऊन गेले. कच्ची प्रत मी वडिलांपुढे धरली.

"झकास," ते म्हणाले. "आता यात आपलं घर दाखव."

मी बोट ठेवलं. ते शाईवर होतं.

"मग तिकडे बदली मागा ना!"

"सगळेच मास्तर गेले तर इथल्या पोरांना मराठी कोण शिकवणार? तू?"

त्यांना सोडून जाणं जमणार नव्हतं, आणि नकाशा चुकला असंही म्हणता येत नव्हतं. सकाळी चिटणीसांकडे धावले. "काळ्यात एक पांढरा ठिपका तरी ठेवा. हैदराबादपाशी."

"ताई, आपण राज्य मागतोय की ठिपके? लोक म्हणतील, छापताना शाई कमी पडली. आणि छपाईचा ब्लॉक तर तयारसुद्धा झाला."

चार दिवसांनी गौलीगुड्याच्या बसस्टँडच्या भिंतीवर तो नकाशा लागला. शेजारून नांदेडची गाडी सुटत होती. मी पिशवीतला खडू काढला आणि काळ्यात ठिपका दिला.

"क्या लिखरे, अम्मा?" कंडक्टरनं विचारलं.

"घर का पत्ता."

मराठी राज्य झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, असं मी आजही म्हणते. पण मी अजून काचीगुड्यातच आहे, वडिलांच्या शाळेत पोरांना रेघा शिकवते. तेव्हा एवढं करा: तुमच्या भिंतीवरचा नकाशा आज खाली उतरवा. सीमेबाहेर जिथं जिथं ओळखीचं मराठी घर असेल, तिथं ठिपका द्या. खडूनं नको, शाईनं. आणि त्यातल्या एका घराला मराठी पुस्तक धाडा.