एकशे शहाण्णव–शून्य आणि उसना पोरगा

मॅरिडनच्या हायस्कूलने पंचाहत्तर वर्षांचं जाडजूड पुस्तक काढलंय. त्यात एकोणीसशे सव्वीसच्या पानावर एक ओळ आहे: प्लम फोर्कवर १९६–० असा दणदणीत विजय. शेजारी त्यांच्या फुटबॉल संघाचा फोटो, खाली सगळ्यांची नावं. त्यात ऑर्लो स्टुकीचं नाव नाही. मी शाळा पाचवीपर्यंतच पाहिली, पण मोजता येतं मला. तीनदा मोजली नावं. म्हणून म्हटलं, हे आपणच लिहावं.

ऑर्लो माझा नवरा. एक्कावन्न वर्षं संसार केला आम्ही. मूळचा तो मॅरिडनचा. आमच्या प्लम फोर्कला तो उसना मिळाला.

त्याचा बाप रेल्वेच्या कारखान्यात होता. पोरगा म्हणजे नुसता बांबू, वर दोन कान. तीन वर्षं तो मॅरिडनच्या संघात होता आणि तिन्ही वर्षं बाकावर. पहिल्या अकरांना सराव करायला समोर कुणीतरी लागतं ना? तर सोमवार ते गुरुवार ही उरलेली पोरं शत्रू म्हणून उभी करायची आणि तुडवायची. शुक्रवारी खरा सामना आला की त्यांना एकेक घोंगडी द्यायची आणि बसवायचं. जो एकदा तरी आपल्या संघाकडून सामन्यात उतरला, त्याला वर्षाच्या शेवटी लोकरीचं ‘एम’ अक्षर मिळायचं, स्वेटरवर शिवायला. ऑर्लोच्या आईने त्या अक्षराच्या रंगाचा दोरा तीन वर्षं डब्यात जपून ठेवला होता.

आमच्या शाळेत मुलगे एकोणीस, त्यातले अंगापिंडाने बरे अकरा. माझा भाऊ व्हर्लिन कप्तान, कारण चेंडू त्याचा होता. अकरा जणांत डोकं वाचवायच्या कातडी टोप्या सात. मी सोळा वर्षांची, शाळा केव्हाच सुटलेली. पोरांचे स्वेटर धुवायचं आणि पिठाच्या पोत्याची ठिगळं लावायचं काम माझं.

चेंडू बगलेत मारून पलीकडच्या रेषेपार पळायचं, एवढाच तो खेळ. एकदा पोचलं की सहा गुण, वर लाथेने खांबांमधून घातला तर आणखी एक. त्या दिवशी मॅरिडनची पोरं अशी पोचत होती, जणू वाटेत कुणी उभंच नाही. निम्मा खेळ संपला तेव्हा एकशे तीन–शून्य झालं होतं आणि आमच्या लेस्टरच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

पंच आले. ते एरवी लोकांचे दुखरे दात उपटायचे. म्हणाले, “व्हर्लिन, दहाच उरलात. सामना सोडल्यासारखंच आहे. नियमाप्रमाणे कागदावर एक–शून्य लिहितो. त्यात लाज कसली?”

व्हर्लिन नाकातलं रक्त पुसत म्हणाला, “एक–शून्य? आम्ही एवढं कमी हरलोय होय? खोटं कशाला लिहिता?”

तेवढ्यात मॅरिडनचे कोच गॅरिटी धावत आले. त्यांना दोनशे हवे होते. वर्तमानपत्रवाल्याला सकाळीच सांगून बसले होते ते. एक–शून्य झालं असतं तर त्यांचे एकशे तीन पाण्यात! म्हणाले, “थांबा, थांबा. एक पोरगा मी देतो उसना. स्टुकी! ऊठ, घोंगडी टाक.”

मॅरिडनचा सगळा बाक हसला. लेस्टरचा स्वेटर मी ऑर्लोच्या हातात दिला. त्याला तो कोपरापर्यंतच आला.

“आभारी आहे, बाई,” तो म्हणाला. सोळाव्या वर्षी मला बाई म्हणणारा तो पहिलाच.

व्हर्लिन त्याच्याकडे तिरका बघत म्हणाला, “नेटे, हा हेर दिसतोय.”

“हेर असता तर इतका उपाशी दिसला नसता,” मी म्हटलं.

ऑर्लो एवढंच बोलला, “उभं कुठे राहू ते सांगा.”

पहिली पाच-दहा मिनिटं तो नुसता आपटत राहिला. मग व्हर्लिनच्या कानाला लागला. “तो डेल क्रूगर बघ. बोटं चाटली की डावीकडे पळतो. नाही चाटली तर उजवीकडे. आणि मधला तो जाड्या जमिनीवर हात टेकतो, तेव्हा सरळ मधूनच येतात.”

“तुला काय ठाऊक?”

“माझ्याच अंगावरून जातात ना रोज.”

लगेच काही चमत्कार झाला नाही. गुण चढतच होते, पण आता त्यांना धाप लागायला लागली. शेवटच्या पाव भागात तर क्रूगर तीनदा लागोपाठ चिखलात गेला आणि खाली प्रत्येक वेळी ऑर्लो. एकशे शहाण्णववर गाडी अडली ती अडलीच.

कोच रेषेवरून ओरडले, “स्टुकी! तू कुणाच्या बाजूने खेळतोयस?”

“तुम्ही दिलंत त्यांच्या!” हा तिकडून.

आमच्याकडची माणसं पहिल्यांदा हसली. तीसेक असतील, सगळी शेतकरी, आपापल्या गाड्यांवर चढून बसलेली.

मग कोचनी खेळ थांबवला आणि त्याला जवळ बोलावलं. मी पाण्याची बादली घेऊन तिथेच होते, म्हणून ऐकलं. आवाज एकदम मऊ झाला होता त्यांचा. “हे बघ बाळा, ये परत. यांना दुसरा पोरगा देतो. तू शेवटची मिनिटं आपल्याकडून खेळ. अक्षर मिळेल तुला. आईला बरं वाटेल.”

मला दोऱ्याचं तेव्हा काही ठाऊक नव्हतं, पण त्याने वळून मॅरिडनच्या बाकाकडे पाहिलेलं दिसलं.

“आणि नाही आलास,” कोच म्हणाले, “तर पुन्हा माझ्या बाकावरही बसायचं नाही.”

“कोच,” तो म्हणाला, “तीन वर्षं मी रोज यांच्याशीच खेळतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी बघतंय. मला शिट्टी होईपर्यंत खेळायचंय.”

आणि बादलीतलं घोटभर पाणी पिऊन परत आमच्या पोरांत जाऊन उभा राहिला. व्हर्लिनने स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर दाबली.

शेवटच्या मिनिटाला मॅरिडनवाले आमच्या रेषेपासून चार पावलांवर. एकदा पार गेले की दोनशे दोन. क्रूगर वाकला. बोटं तोंडाकडे नेली, मग आठवण झाल्यासारखी खाली घेतली. चाटली नाहीतच. व्हर्लिन उजवीकडे झुकला. ऑर्लो मात्र डावीकडेच सुटला. नंतर मी विचारलं, कसं कळलं रे? म्हणाला, “हाताला आवरलं त्याने, पायाला नाही. डावा पाय आधीच फिरला होता.”

रेषेच्या एक हात अलीकडे दोघं पडले. वर बाकीचे वीस. शिट्टी झाली.

आमच्या लोकांनी गाड्यांचे भोंगे वाजवायला सुरुवात केली ते थांबेचनात. वाटेने जाणारा एक परका माणूस उतरून विचारायला लागला, “कोण जिंकलं?” माझी आई म्हणाली, “ते जिंकले. पण दोनशे नाही हो!”

मॅरिडनच्या पोरांना फोटोला उभं केलं. ऑर्लोला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो आमच्या गाडीत बसून लेस्टरला धरून होता.

त्या शनिवारी मी बाबांच्या लाल फलालीनच्या आतल्या विजारीची एक तंगडी कापली. त्यातून ‘पी’ अक्षर काढलं, लेस्टरच्या त्या तोकड्या स्वेटरवर शिवलं आणि व्हर्लिनच्या हाती पाठवलं. अक्षर वाकडं आलं होतं. ऑर्लोच्या आईने ते उसवून आपल्या डब्यातल्या दोऱ्याने सरळ शिवून दिलं. सोमवारी तो ते घालून मॅरिडनच्या शाळेत गेला. मुख्याध्यापक म्हणाले, उतरव. तो म्हणाला, नाही. दुपारी घरी पाठवलं. मंगळवारी पुन्हा तोच स्वेटर. दोन आठवडे हे चाललं. मग तो नऊ मैलांवरून आमच्या शाळेत यायला लागला.

पुढे चाळीस वर्षं त्याने या तालुक्याच्या पवनचक्क्या आणि पंप दुरुस्त केले. शाळेच्या समितीत सहाविरुद्ध एक असं मत किती वेळा पडलं, विचारू नका. तो एक कोण, तेही विचारू नका. कुणी म्हणालं, “ऑर्लो, हरणार आहेस रे,” की हा म्हणायचा, “हरू की. शिट्टी होऊ दे.”

परवा पुस्तकवाल्यांचं पत्र आलंय. शाळेत काचेचं कपाट करतायत, त्या सामन्याची काही वस्तू असेल तर परत द्यावी म्हणे.

स्वेटर आहे माझ्याकडे. कसरीने जरा खाल्लाय, पण ‘पी’ जागेवर आहे. त्यांना कळवलंय: उसना दिलेला पोरगा आम्ही परत केला नाही, स्वेटर तर मुळातच आमचा.